कागदपत्रांचे सॉफ्टवेअर निवडण्याची शास्त्रोक्त पद्धत

सर्वांत आधी समिती नेमावी. समितीत अकाउंट्स, एचआर, क्वालिटी, आयटी आणि मालकांचे धाकटे चिरंजीव असावेत. कुठला कागद कुठे आहे हे ज्यांना खरोखर ठाऊक असते त्या स्टोअरमधल्या काकांना मात्र बोलावू नये. "कागद हरवतात कुठे? साहेबांच्या टेबलावरच तर आहेत," असे काहीतरी बोलून ते पहिल्याच बैठकीत विषय संपवतील, आणि समितीला निदान दिवाळीपर्यंत तरी चालायचे असते.

(प्रस्तुत मार्गदर्शन भोसरी-चाकण पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या, दीडदोनशे माणसांच्या कंपनीसाठी आहे. मोठ्या कंपन्यांना चुका करायला सल्लागार परवडतात.)

त्यानंतर गरजांची यादी. ती इंटरनेटवरून उतरवून घ्यावी. कृत्रिम बुद्धिमत्ता, मोबाइल ॲप, डॅशबोर्डावरचे रंगीत गोल, सगळे मागावे. 'हवा तो कागद सापडला पाहिजे' हे कलम राहून गेले तरी कोणाच्या लक्षात येणार नाही.

आता डेमो. विक्रेता स्वतःच्या लॅपटॉपवर स्वतःचे स्वच्छ, सरळ स्कॅन केलेले इंग्रजी इन्व्हॉइस घेऊन येतो, शोधाच्या चौकटीत एक शब्द टाकतो आणि पापणी लवायच्या आत कागद हजर करतो. सगळ्यांनी माना डोलवाव्यात, समोसे मागवावेत. आपले स्वतःचे कागद या प्रसंगी अजिबात बाहेर काढू नयेत. विशेषतः डिलिव्हरी चलानाची ती तिसरी कार्बन प्रत, जिच्यावर सिक्युरिटीवाल्याने गेटचा शिक्का नेमका चलान नंबरावरच मारलेला आहे. अक्षर ओळखणारी यंत्रणा ३०० डीपीआयच्या छापील पानावर छान चालते. शिक्क्याखालच्या निळ्या बॉलपेनापुढे ती हात टेकते.

जुनी मराठी पत्रेही लपवावीत. युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपी, कृतिदेव असल्या फॉन्टांत टाइप केलेल्या पत्रांत संगणकाच्या लेखी मराठी नसतेच; इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेल्या आकृत्या असतात. फॉन्ट गेला की पत्राचा इंग्रजी कचरा होतो, आणि शोधणाऱ्याला त्यात ना ग्रामपंचायत सापडते ना तिचा ना-हरकत दाखला. युनिकोडवाल्यांनीही हुरळून जाऊ नये. 'कऱ्हाड'मधला तो अर्धा 'र' दोन तऱ्हांनी साठवता येतो. पडद्यावर दोन्ही जुळे भाऊ, पण अनेक सॉफ्टवेअरांना ते परके वाटतात. एकाने एका तऱ्हेने टाइप केले आणि दुसऱ्याने दुसऱ्या तऱ्हेने शोधले, की कऱ्हाडचा पुरवठादार जगातून नाहीसा होतो. हे डेमोत करून पाहायला एक मिनिट लागते, म्हणूनच टाळावे.

पण सर्वांत जास्त जपायचे ते ड्रॉइंगला. ग्राहकाने ईमेलने रिव्हिजन 'डी' पाठवलेली असते, ती डिझाइनच्या फोल्डरमध्ये आहे. क्वालिटीकडे लाल 'कंट्रोल्ड कॉपी' शिक्क्याची 'सी' आहे. आणि व्हीएमसी मशीनवर प्लॅस्टिकच्या पाकिटात, कूलंटने पिवळी पडलेली 'बी' लटकते आहे. तिच्यावर ऑपरेटरने पेन्सिलीने लिहिले आहे : 'बोअर ०.०५ कमी ठेवणे, नंतर वाढतो.' जॉब पास होतो तो या पेन्सिलीमुळे. ही ओळ सॉफ्टवेअरच्या कुठल्या रकान्यात जाणार, आणि तिघांपैकी कोणाची प्रत खरी हे कोण ठरवणार, या प्रश्नांवर कंपनीत एकदा कडाक्याचे भांडण होणे आवश्यक आहे. ते भांडण टाळता यावे यासाठीच तर सॉफ्टवेअर विकत घ्यायचे.

त्यासाठी मंजुरीच्या साखळीत सात जण घालावेत. कोणीच रुसत नाही. वाहन उद्योगाचे आयएटीएफ १६९४९ हे मानक सांगते की ग्राहकाने ड्रॉइंग बदलले तर त्याची छाननी कामकाजाच्या १० दिवसांत व्हावी. सातांपैकी एक जण गणपतीला कोकणात गेलेला असतो. पूर्वी रजिस्टरात मागची तारीख टाकता येत असे, सॉफ्टवेअर मात्र सेकंदासकट वेळ नोंदवते. हा दोष विक्रेत्याच्या नजरेस अवश्य आणून द्यावा.

कागद किती वर्षे ठेवायचे, याचा विचार नको. कंपनी कायदा हिशेबाच्या वह्यांना ८ वर्षे सांगतो, जीएसटी वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने. आपण सगळेच कायम ठेवावे, २०११ सालच्या चहाच्या बिलांसकट. जुन्या सर्व्हरवरची 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल साहेबांनी पाहिलेले' ही फोल्डरेही जशीच्या तशी उचलून आणावीत.

दर माणशी असतो, म्हणून तिन्ही शिफ्टना मिळून 'स्टोअर१' असा एकच लॉगिन द्यावा. पुढे नोंदी पाहिल्यावर हा इसम चोवीस तास राबतो आणि जेवायलाही उठत नाही असे आढळेल. त्याला बोनस सुचवावा.

करारात एक कलम शेवटी असते : सोडून जायचे झाल्यास आपले कागद कोणत्या रूपात परत मिळतील. पान उलटावे. हजारो पीडीएफ नुसत्या आकड्यांच्या नावांनी परत आल्या आणि तारीख, पार्टी, पीओ नंबर ही सूची विक्रेत्याकडेच राहिली, तर काय करायचे ते नव्या समितीला ठरवू द्यावे. पुण्याच्या पेशवे दप्तरातले रुमाल आजही गाठ सोडून उघडता येतात. मोडी वाचणारे अजून मिळतात. बंद पडलेल्या सॉफ्टवेअरची फाइल वाचणारा मिळत नाही.

उद्घाटनाला नारळ फोडावा, पेढे वाटावेत. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकाने कागद अपलोड करावा आणि ऑडिटर मागेल म्हणून त्याची प्रिंट काढून बॉक्स फाइलला लावावी. वर्षभरात फायलींना जागा पुरेनाशी होईल. नव्या लोखंडी कपाटाची मागणी अर्थातच सॉफ्टवेअरमधून करावी. सध्या ती चौथ्या मंजुरीपाशी आहे.