पदविकेचे सीमोल्लंघन

एका देशात संपादन केलेली व्यावसायिक पात्रता दुसऱ्या देशाने ग्राह्य धरणे, यास पात्रता-मान्यता म्हणतात; आरोग्यक्षेत्रात तिचा हेतू रुग्णाचे रक्षण हा असून, तो साधण्यासाठी रुग्ण वगळता सर्वांना कामास जुंपले जाते. रायगडाच्या पायथ्याशी, जेथून रज्जुमार्ग गडावर जातो, त्या हिरकणीवाडीतील एखाद्या तरुणाने डीएमएलटी, म्हणजे वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका, पदरात पाडून घेतली आणि दुबईची वाट धरली, तर या व्यवस्थेचे पूर्ण दर्शन त्यास घडते.

त्याने महाडमध्ये काढलेले रक्त शीतपेटीतून मुंबईच्या प्रयोगशाळेत पोहोचते, तेव्हा त्या रक्ताकडे कोणी अधिवासाचा दाखला मागत नाही. रक्तपेशी मोजणारे जपानी यंत्रही महाडात आणि दुबईत एकच हिशेब करते. सीमा आडवी येते ती नळी धरणाऱ्या हातास. त्याच्या पदविकेवर आधी राज्य शासनाचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या वकिलातीचा शिक्का उमटतो. त्यानंतर डेटाफ्लो ही कंपनी प्राथमिक स्रोत पडताळणी करते, म्हणजे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेलाच ते तिनेच दिले काय असे विचारते, आणि तेथील कारकून रजेवर असल्यास तरुणाचे भवितव्यही रजेवर जाते. पुढे संगणकावरील परीक्षा असते. शिवाय दुबईचे प्राधिकरण निराळे, अबू धाबीचा आरोग्य विभाग निराळा आणि उरलेल्या अमिरातींचे मंत्रालय निराळे.

युरोपात तरी सुटका आहे, असे समजू नये. युरोपीय संघाच्या २००५ च्या निर्देशाने सात व्यवसायांना आपोआप मान्यता दिली. त्यांत डॉक्टर, परिचारिका, दंतवैद्य, पशुवैद्य, सुईण व औषधनिर्माता यांच्यासह वास्तुविशारदही बसला, परंतु डॉक्टर नसलेला प्रयोगशाळा-विशेषज्ञ बाहेर राहिला. रुग्णाचे घर बांधणाऱ्यावर विश्वास आहे, त्याची साखर मोजणाऱ्यावर नाही.

आख्यायिकेप्रमाणे रायगडाचे दरवाजे मिटल्यावर हिरकणी ही गवळण कडा उतरून घरी बाळापाशी पोहोचली आणि शिवाजी महाराजांनी तेथे बुरूज बांधला. आजच्या रीतीने तिला कडा उतरण्याचे प्रशिक्षण किती तासांचे होते, हे आधी सिद्ध करावे लागले असते. भारताच्या २०२१ च्या सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय कायद्यात असे तास खरोखरच मोजलेले असून, सहयोगी व्यावसायिकाची पदविका वा पदवी किमान २,००० तासांची आणि दोन ते चार वर्षांत विभागलेली असावी लागते. परिणामी बीएस्सीनंतर एका वर्षात डीएमएलटी झालेल्याने आपण नेमके कोण, हे दुबईस विचारण्याआधी दिल्लीस विचारणे श्रेयस्कर. त्यातच सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये अहवालावर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर डॉक्टरचीच सही हवी असे ठरवले. दक्षता योग्यच आहे, मात्र गावोगावच्या अहवालांवर एकाच डॉक्टरची सही दूरवरून उमटू लागली, तर दक्षतेचा प्रवासही कुरिअरनेच होतो.

वस्तुतः हात पारखण्याची रीत याच क्षेत्रात रूढ आहे. बाह्य गुणवत्ता नियंत्रणात, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज चालवते त्या पद्धतीने, एकच अनोळखी नमुना अनेक प्रयोगशाळांना पाठवून उत्तरे ताडली जातात आणि मर्यादेबाहेर भरकटलेल्यास तसे कळवले जाते. हीच रीत मान्यता देणाऱ्या मंडळांनाही लावावी: एकाच तंत्रज्ञाची एकच फाइल सर्वांना पाठवावी, आणि ज्यांचे उत्तर इतरांशी जुळणार नाही त्यांची मान्यता दुरुस्ती होईपर्यंत स्थगित ठेवावी.