चष्म्याची फिर्याद

सुरतेच्या पांडेसरा औद्योगिक वसाहतीत, जेथे खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेल्या कित्येकांची दृष्टी कापडावरील छपाईचा दोष हेरण्यात खर्ची पडते, तेथे नव्या चष्म्याची फिर्याद घेऊन कोणी दुकानाची पायरी चढला, आणि ती दोन अंगुळे वर भासल्यामुळे ठेचाळला, की त्यास बिनचौकशीचा निकाल ऐकविण्यात येतो: “आठ दिवस लावा, काका, सवय होईल.”

या निकालात असत्य असे काही नाही. नव्या नंबराशी, विशेषतः दुहेरी भिंगाशी जुळवून घेण्यास मेंदूस काही अवधी लागतोच. परंतु चार नंबरच्या भिंगाचा मध्य बाहुलीपासून 5 मिलिमीटर ढळल्यास 2 प्रिझम-डायॉप्टर इतके किरणविचलन उत्पन्न होते, आणि सिलिंडरच्या नंबराचा अक्ष 10 अंशांनी फिरल्यास त्या दुरुस्तीचा सुमारे तृतीयांश वाया जातो. या दोषांना सवयीची मुदत मंजूर करणे म्हणजे आरोपीस मोकळे सोडून फिर्यादीस कैद सुनावणे होय. वस्तुतः भिंग यंत्रावर पडताळणे, बाहुल्यांमधील अंतर पुन्हा मोजणे, काड्या व नाकावरचे टेकू नीट बसविणे, ही काही मिनिटांची कामे. परंतु तहकुबीस तितकेही श्रम पडत नाहीत.

आठ दिवसांनी फिर्यादी परततो, तो बहुधा तक्रार मागे घेण्यासाठीच. कारण मान वाकडी करून सरळ पाहण्याची विद्या त्यास तोवर साध्य झालेली असते, आणि तिचे शुल्क दुकानदाराने बिलात लावलेले नसते, एवढे त्याचे औदार्य मान्य करावयास हवे.