सात पूर्णांक एक तृतीयांश आमदार

गोव्यातला विधानसभा मतदारसंघ म्हणजे सरासरी पंचवीस-तीस हजार मतदारांचा कारभार. एवढे मतदार मुंबईत एका नगरसेवकाच्या प्रभागातही असतात आणि तिथे त्यांना कोणी ओळखत नाही. गोव्यात ओळखतात. त्यामुळे मतमोजणीच्या दिवशी जाळीपलीकडे बसलेला पक्षाचा एजंट नुसते आकडे उतरवून घेत नाही, तो हजेरी घेतो. टेबलावर कंट्रोल युनिटचं सील दाखवलं जातं, बटण दाबलं जातं, एकेका उमेदवाराचा आकडा उमटतो. एजंट तो १७-सी नमुन्यावरच्या एकूण मतांशी ताडून बघतो आणि पुटपुटतो, ‘वरच्या वाड्यावरची चाळीस धरली होती, अठ्ठावीसच आली.’ उरलेली बारा कोणाची, हे त्याला पुढची फेरी सुरू होण्याआधीच कळलेलं असतं. मतदान गुप्त असतं, हे कायद्याने त्याला सांगितलेलं आहे. त्याने ते मनावर घेतलेलं नाही.

१० मार्च २०२२ ला अशा बारा-बारा मतांना सोन्याचा भाव आला. सांत आंद्रेत रिव्होल्युशनरी गोवन्सचे (आरजी) वीरेश बोरकर ७६ मतांनी निवडून आले. प्रियोळमध्ये फरक २१३ चा, नावेलीत ४३० चा. साखळीत तर खुद्द मुख्यमंत्री प्रमोद सावंत सुरुवातीच्या फेऱ्यांत मागे पडले होते. शेवटी ६६६ मतांनी सुटले. पणजीत भाजपच्या बाबूश मोन्सेरात यांनी उत्पल पर्रीकरांना ७१६ मतांनी हरवलं आणि बाहेर येऊन, कार्यकर्त्यांनी आपलं काम केलं नाही, एवढ्याशा फरकाने समाधान नाही, असं सांगितलं. निवडून आल्यावर आपल्याच पक्षाविरुद्ध तक्रार नोंदवणारा उमेदवार तसा दुर्मीळ. हरलेले लोक ते काम नेहमी करतात.

प्रियोळचा निकाल जरा जवळून पाहण्यासारखा आहे. तिथे भाजपचे गोविंद गावडे आणि महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे अध्यक्ष दीपक ढवळीकर यांच्यात झुंज होती. मगोपने निवडणूक लढवली ती तृणमूल काँग्रेसशी युती करून, म्हणजे भाजपच्या विरोधात. २१३ मतांसाठी दोन्हीकडच्या माणसांनी घसे फोडले, नाती ताणली, आणि अनेक घरांत दोन भावांनी दोन झेंडे लावले असणार. निकालाचा गुलाल धुतला जाण्याआधी मगोपने भाजपला पाठिंबा दिला. मार्चच्या अखेरीस गावडे मंत्री झाले. एप्रिलमध्ये दीपक ढवळीकरांचे थोरले बंधू सुदिन ढवळीकरही मंत्री झाले. दोघे एकाच मंत्रिमंडळात. प्रियोळच्या मतदारांनी आपापसात मिटवून घ्यायचं की नाही, याबद्दल मात्र कोणताही शासन निर्णय निघाला नाही.

राज्याचा हिशेबही असाच गमतीचा. २०१७ मध्ये भाजपला साडेबत्तीस टक्के मतं होती आणि जागा १३. २०२२ मध्ये मतं झाली ३३.३ टक्के आणि जागा २०. मतांची वाढ एक टक्काही नाही, जागांची वाढ सात. यात कोणतीही जादू नाही; विरोधी मतं काँग्रेस, आम आदमी, तृणमूल, मगोप, आरजी अशा इतक्या दारांत वाटली गेली की भाजपला आहे तिथेच उभं राहून पुढे जाता आलं. आरजीला नऊ टक्क्यांहून अधिक मतं पडली, जागा मिळाली एक, तीही ७६ मतांच्या काठावरून. मगोप आणि आम आदमीला त्याहून कमी मतं, जागा प्रत्येकी दोन. दूरचित्रवाणीवरच्या चर्चेत मात्र प्रत्येकाने ‘जनतेने स्पष्ट कौल दिला’ हे वाक्य आपल्या सोयीने वापरलं. पडलेल्यांपैकी ज्यांची अनामत रक्कमही गेली, त्यांनीही वापरलं.

पण गोव्यात ७६ आणि २१३ हे आकडे फार मनाला लावून घ्यायचे नसतात. तिथे मतं किरकोळीने मोजतात आणि आमदार घाऊक. किरकोळीचा हिशेब एका दिवसात संपतो, घाऊकीचा पाच वर्षं चालतो. त्या हिशेबाचं पुस्तक आहे घटनेची दहावी अनुसूची, आणि त्यातलं चौथं कलम सांगतं की विधिमंडळ पक्षातल्या दोन तृतीयांश आमदारांनी दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचं ठरवलं, तर त्यांची आमदारकी जात नाही. एकट्याने उडी मारली तर तो पक्षांतराचा गुन्हा. घोळक्याने मारली तर ते विलीनीकरण. १९८५ मध्ये हा कायदा आला तेव्हा एक तृतीयांश लोक घेऊन ‘फूट’ पाडता यायची. २००३ च्या घटनादुरुस्तीने ती सोय काढून टाकली. पक्षांतराला आळा घालायचा होता. घातला तो किरकोळ पक्षांतराला.

गोमंतकीय आमदारांनी या कलमाचा जो अभ्यास केला आहे, तो पाहता गणिताचे शिक्षक थक्क व्हावेत. मार्च २०१९ मध्ये मगोपचे तीन आमदार होते. त्यातले दोन, बाबू आजगावकर आणि दीपक पाऊसकर, भाजपमध्ये विलीन झाले. तीनाचे दोन तृतीयांश बरोबर दोन. त्याच वर्षी जुलैमध्ये काँग्रेसचे पंधरा आमदार होते. त्यातले दहा गेले. पंधराचे दोन तृतीयांश बरोबर दहा. सप्टेंबर २०२२ मध्ये काँग्रेसकडे अकरा होते. अकराचे दोन तृतीयांश म्हणजे सात पूर्णांक एक तृतीयांश. आमदाराचा एक तृतीयांश तुकडा अजून तरी काढता येत नाही, म्हणून आठ गेले. तिन्ही वेळा लागतील तेवढेच, एकही जादा नाही. सरकारी कामात एवढी काटकसर दुसरीकडे कुठे आढळल्याचं ऐकिवात नाही.

दोन जणांच्या त्या मगोप प्रकरणाची वेळही ध्यानात ठेवण्यासारखी. मुख्यमंत्री मनोहर पर्रीकरांचं निधन १७ मार्चला झालं. प्रमोद सावंतांचा शपथविधी १९ मार्चला पहाटे दोनच्या सुमारास झाला. आठवड्याभराने मगोपच्या दोन आमदारांनी विलीनीकरणाचं पत्र दिलं, तेही रात्री पावणेदोनच्या सुमारास. ज्या मगोपच्या पाठिंब्यावर सरकार उभं होतं, त्या पक्षाच्या सुदिन ढवळीकरांना त्याच दिवशी उपमुख्यमंत्रिपदावरून डच्चू मिळाला. (तीन वर्षांनी पुन्हा पाठिंबा, पुन्हा मंत्रिपद, गोव्यात डच्चू कायमचा नसतो.) सावंत मुख्यमंत्री झाल्याने सभापतींची खुर्ची रिकामी होती, त्यामुळे पत्र स्वीकारलं हंगामी कारभार पाहणाऱ्या उपसभापती मायकल लोबो यांनी.

लोबो हे या सदराचे खरे नायक. तेव्हा ते भाजपमध्ये होते. जुलैमध्ये काँग्रेसचे दहा आले, त्यानंतर चार दिवसांत तेही मंत्री झाले. जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं, भाजप सोडला, काँग्रेसमध्ये गेले, कळंगुटमधून हाताच्या चिन्हावर निवडून आले आणि थेट विरोधी पक्षनेते झाले. जुलै २०२२ मध्ये काँग्रेसने त्यांना त्या पदावरून काढलं. ते आणि दिगंबर कामत मिळून आमदार फोडायचा डाव रचत होते, असा पक्षाचा आरोप होता. त्या महिन्यात काही आठचा आकडा जमला नाही. सप्टेंबरात जमला आणि लोबो स्वगृही परतले. दुसऱ्यांच्या विलीनीकरणाचं पत्र ज्याने स्वीकारलं, त्याला स्वतःचं पत्र लिहिताना मसुद्याची अडचण आली नसावी.

विरोधी पक्षनेतेपदाचा हा उपयोग त्याआधीही सिद्ध झाला होता. २०१९ च्या दहा जणांचं नेतृत्व करणारे बाबू कवळेकर हे काँग्रेसचे विरोधी पक्षनेते होते. भाजपमध्ये गेल्यावर ते उपमुख्यमंत्री झाले. विरोधी बाकांवरून सत्ताधारी बाकांवर जायला सभागृहात मधे फक्त एक मोकळी वाट असते. मतदाराला तेवढंच अंतर कापायला पाच वर्षं लागतात. कवळेकरांना केपेच्या मतदारांनी २०२२ मध्ये घरी बसवलं खरं, पण तोवर टर्म भरून झाली होती.

आता शपथांकडे वळू. २०१९ चा अनुभव गाठीशी असल्याने काँग्रेसने २०२२ च्या जानेवारीत आपल्या उमेदवारांना देवादिकांपुढे उभं केलं. पणजीचं महालक्ष्मीचं देऊळ, बांबोळीचा खुरीस आणि बेतीचा दर्गा, तिन्ही ठिकाणी, ‘निवडून आल्यावर पक्ष सोडणार नाही’ अशी शपथ. सर्वधर्मसमभावाचं इतकं चोख उदाहरण अलीकडे दुसरं घडलेलं नाही. मतदान १४ फेब्रुवारीला होतं. निष्ठेच्या आणाभाकांनंतर मतदानाला प्रेमाच्या दिवसाचा मुहूर्त साधला गेला, याचं कोणाला विशेष वाटलं नाही. बरोबर सात महिन्यांनी, १४ सप्टेंबरला, आठ जण गेले. त्यात दिगंबर कामतही होते. शपथेचं काय, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं ते असं, की आपण पुन्हा देवळात गेलो, देवाला विचारलं, आणि तुझ्या भल्याचं असेल ते कर, असं देवाने सांगितलं. गोव्यात देवाला प्रसाद लावून कौल घेण्याची रीत जुनी आहे. लोकांचा कौल मार्चमध्ये आला होता, देवाचा सप्टेंबरमध्ये आला, आणि दोहोंत वरिष्ठ न्यायालय कुठलं हे सांगायची गरज नव्हती. खुरीस आणि दर्ग्याकडून वेगळं मत मागवल्याची नोंद नाही.

मडगावकरांची मात्र पंचाईत झाली. त्यांच्याकडे कामतांसमोर भाजपने उभे केलेले बाबू आजगावकर, म्हणजे मगोपमधून रात्री पावणेदोनला आलेले तेच. मडगावने त्यांना नाकारून कामतांना, म्हणजे हाताला, निवडून दिलं. सहा महिन्यांनी मडगावचा आमदार कमळाचाच झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये तो मंत्रीही झाला. पणजीचंही तसंच: मे २०१९ च्या पोटनिवडणुकीत पणजीकरांनी पर्रीकरांच्या जागी काँग्रेसचे मोन्सेरात निवडून दिले, भाजपचा उमेदवार १,७५८ मतांनी पाडला, मोन्सेरात जुलैतल्या त्या दहा जणांत होते. पणजीकरांनी काहीही दाबलं तरी यंत्रातून एकच निघतं, अशी शंका घ्यायला हरकत नव्हती. फक्त त्यात यंत्राचा काही दोष नव्हता.

या सगळ्याविरुद्ध कोणी न्यायालयात गेलंच नाही, असं नाही. २०१९ च्या बारा जणांना अपात्र ठरवण्यास सभापतींनी नकार दिला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २४ फेब्रुवारी २०२२ ला सभापतींचा तो निर्णय कायम ठेवला. तोवर नव्या विधानसभेचं मतदानही उरकलं होतं, फक्त मोजणी बाकी होती. म्हणजे आमदार असे दुसऱ्या पक्षात जाऊ शकतात का, याचं उत्तर आलं तेव्हा ते जाऊन, नांदून, पुढच्या निवडणुकीला उभेही राहिले होते. १९६७ मध्ये गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावं का, हे ठरवायला सरकारने घरोघरच्या माणसाला मतपेटीपर्यंत बोलावलं होतं आणि ३४,०२१ मतांच्या फरकाने ‘नको’ असं उत्तर मिळालं. अर्ध्या शतकानंतर काँग्रेसला भाजपमध्ये विलीन करायला आठ सह्या पुरल्या.

सावंतवाडीच्या या बाजूला बसून हसणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. २०२२ च्या जूनमध्ये शिवसेनेचे ५५ आमदार होते, दोन तृतीयांश म्हणजे ३७, आणि गुवाहाटीच्या हॉटेलात तो आकडा ओलांडला गेला. मग कुठेही विलीन व्हायची यातायात न करता, पक्षच आमचा, असा दावा झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये विधानसभाध्यक्षांनी तो मान्यही केला. गोमंतकीयांना ही पुढची पायरी सुचली नव्हती. त्याच वर्षी नोव्हेंबरात निवडणूक झाली. शिंदेंच्या शिवसेनेला १२.३८ टक्के मतं आणि ५७ जागा, काँग्रेसला १२.४२ टक्के मतं आणि १६ जागा. शरद पवारांच्या राष्ट्रवादीला ११.२८ टक्के मतं मिळून जागा १०, अजित पवारांच्या राष्ट्रवादीला ९.०१ टक्क्यांत ४१. कोणी किती जागा लढवल्या, मतं कुठे साचली आणि कुठे पसरली, यावर हे ठरतं, हे खरं. पण साकोलीत २०८ मतांनी तरलेल्या नाना पटोल्यांना आणि बेलापुरात ३७७ मतांनी हुकलेल्या संदीप नाईकांना हे समजावून सांगायला कोणी जाऊ नये.

सप्टेंबर २०२२ नंतर गोव्यात काँग्रेसकडे उरले तीन आमदार. तीनाचे दोन तृतीयांश दोन, हिशेब सुटसुटीत. आम आदमी पक्षाकडे दोन, त्यांचे दोन तृतीयांश एक पूर्णांक एक तृतीयांश, म्हणजे जायचं तर दोघांनी मिळूनच जायला हवं. दोघांत अबोला असेल तर पक्ष सुरक्षित. आरजी आणि गोवा फॉरवर्डकडे एकेक. तिथे विधिमंडळ पक्षाची बैठक बोलवायला, ठराव मांडायला, त्याला अनुमोदन द्यायला आणि तो एकमताने संमत करायला दुसऱ्या कोणाची गरजच नाही.