स्वित्झर्लंडचा आठवडा बाजार

ऐकलंत का? गजाल करायची नाही असं ठरवलं होतं, पण पोटात राहीना. आमच्या मालवणची चांगली खात्यापित्या घरची माणसं लाखांनी पैसे मोजून परदेशी जातात आणि तिथे जाऊन काय करतात? वाणसामान भरतात! पूर्वी परतलेल्या माणसाला काय काय बघितलंस म्हणून विचारायचे. आता ओटीवर पाय ठेवायच्या आधी सवाल येतो, "काय हाडलंस?"

टूरवाल्याने ल्युसर्नला तासभर मोकळा सोडला, की तळ्यापाशी उरतात फक्त घाटावरची मंडळी. आमच्या माणसाला पाण्याचं कौतुक ते काय! फोटो काढला, पाठ फिरवली आणि थेट कूप नाहीतर मिग्रो. पहिल्या फेरीतच दुकानांची नावं अशी पाठ होतात, की पुढच्या गावात बसमधून उतरताना "हयसर कूप खय?" असं गाइडलाच विचारतात. बिचारा गाइड घड्याळाच्या मनोऱ्याकडे बोट दाखवत राहतो.

या मिग्रोची कुळकथा ऐका. 1925 साली गोटलीब डुटवायलर नावाच्या माणसाने झुरिकमध्ये पाच फोर्ड गाड्यांवर माल चढवून तो दारोदार विकायला सुरुवात केली. जिन्नस फक्त सहा: कॉफी, तांदूळ, साखर, शेवया, साबण आणि खोबऱ्याची चरबी. तांदूळ आणि खोबरं! मग आमच्या बायकांना तिथे माहेरी आल्यासारखं वाटलं, तर दोष कुणाला द्यायचा? पुरुषमंडळींचं मात्र दुःख वेगळं. मिग्रोत दारू मिळत नाही. 2022 मध्ये सभासदांचं मतदानही झालं, आणि दहाच्या दहा प्रादेशिक संस्थांनी दारूला नकार दिला. ही माहिती सहलीच्या छापील पत्रकात नसते. ती शेवटच्या फळीपर्यंत जाऊन आल्यावर कळते आणि मग पाय आपोआप कूपकडे वळतात.

चॉकलेटांचं तर बोलूच नका. टोब्लरोनच्या खोक्यावरचा मॅटरहॉर्न 2023 मध्ये उतरवला, कारण थोडं उत्पादन स्लोव्हाकियात न्यायचं ठरलं आणि स्विस कायदा म्हणाला, मग आमचा डोंगर ठेवा इथेच. पण आमच्या बॅगा भरायच्या थांबल्या का? नाव काढू नका. मे महिन्यात तीच चॉकलेटं मालवणात पोचतात आणि वाडीभर चमच्याने वाटली जातात.

अमेरिकेची गोष्ट आणखी गंभीर. तिथे मुलांकडे सहा महिने राहायला गेलेले आईबाप दर शनिवारी कॉस्टकोच्या वारीला जातात. एकेका बरणीत गावजेवण उरकेल एवढा माल. तिथून ते बदाम आणतात. कॅलिफोर्नियाचे. जगातले पाचातले चार बदाम कॅलिफोर्नियातच पिकतात आणि आपल्या देशाएवढे ते बाहेरचं कोणी विकत घेत नाही. म्हणजे कुडाळच्या बाजारातल्या बदामाचं जन्मगाव बहुतेक तेच. पण सातासमुद्रापलीकडून स्वतः वाहून आणलेल्या बदामाने म्हणे बुद्धी जास्त वाढते. तेही एक वेळ सोडून दिलं असतं. पण एका घरात, घर कुठलं ते विचारू नका, कॉस्टकोचे काजू निघाले! वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने एकेक जात जपून वाढवली, वेंगुर्ला-4 काय, वेंगुर्ला-7 काय. भौगोलिक मानांकन मिळालं. परसात बोंडूंचा सडा पडतोय. आणि हे काजू आणतात कॉस्टकोतून! शेजारणीने नुसतं विचारलं, "आमच्या बाजाराक काय आग लागली हा?" यजमानीण म्हणाली, "खारवलेले आसत." जशी काही आपल्याकडे मिठाची चणचण आहे.

माझं विचाराल तर यांना फार हसू नये. हसणारे तरी कोण? संध्याकाळी मालवणच्या किनाऱ्यावर माशांचा लिलाव सुरू झाला, की पुण्या-मुंबईचे पाहुणे टोपल्यांभोवती गोळा होतात, सुरमईबरोबर फोटो काढतात आणि हा बांगडा का पेडवे म्हणून विचारतात. जाताना डिकीत सोलं, मसाला, खाजं. सिंधुदुर्ग किल्ला होडीतून पाऊण तासात उरकतात आणि बाजारात दोन तास घालवतात. कोळणी गालातल्या गालात हसतात, आणि दरही त्याच हसण्यात वाढवतात. परक्या मुलखात किल्ल्यापेक्षा टोपली बघावीशी वाटते, हे मला तरी पटतं. राजवाड्यात माणसं काय खात होती, ते गाइड सांगेल तेवढंच. दुकानात ते किमतीच्या चिठ्ठीसकट समोर मांडलेलं असतं.

पण दुबईचं लुलू म्हणजे हद्द झाली. केरळच्या युसुफअलींचं हे पहिलं हायपरमार्केट दुबईत 2000 साली उघडलं. आखातात नोकऱ्या केलेल्यांच्या घरी तर लुलूचं नाव नात्यातल्या माणसासारखं घेतात. तिथे गेल्या मोसमात आमच्याकडले एक आजोबा हापूसच्या पेटीपुढे उभे राहिले. एकेक फळ उचललं, देठापाशी हुंगलं, परत ठेवलं. पेटीवर देवगड लिहिलेलं. देवगडच्या बागायतदार संस्थेने खऱ्या आंब्याची ओळख पटावी म्हणून 2025 पासून फळावर क्रमांकाचा स्टिकर लावायला घेतला, हे त्यांना ठाऊक. ते स्टिकर शोधत बसले. मल्याळी पोऱ्या अदबीने विचारतो, "साब, कितना किलो?" आजोबा मान वर न करता म्हणाले, "किलो नको. ह्येचो बागवालो कोण, ता सांग."

आजी तोवर बिलाच्या रांगेत पोचली होती. ट्रॉलीत खजूर, केशर आणि खाली लपवलेलं गोठवलेल्या खवलेल्या खोबऱ्याचं पाकीट. आता तुम्ही कुणाला सांगू नका, मी तरी फक्त तुम्हालाच सांगतेय.