मिरचीचे नखरे आणि मावशीचं स्टेटस

ऐकलंत का? हरमलची मिरची म्हणे मॉडेल झाली! म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात वर्षानुवर्षं गोणपाटावर निमूट पडून राहणारी ती गरीब मिरची. 2021 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं आणि बया जी चढली! आता अंगणात वाळत घातली की आधी तिचं रील निघतं. मागे गाणं, पुढे मावशीचा हात, हातात ठेवणीतल्या बांगड्या. शिव शिव! मिरचीला कधी कुणी असं नटवलं होतं?

बरं, एकट्या हरमलला नावं कशाला ठेवा? अख्ख्या पेडण्याला वारं लागलंय. जानेवारी 2023 मध्ये मोपाहून विमानं उडू लागली, तशी मांद्रे-मोरजीच्या पोरांनी खोली, स्कूटर, आईच्या हातचं हुमण, सगळं मोबाइलवर मांडलं. ते एक वेळ समजू शकतं, किनाऱ्यावरचा धंदाच दाखवण्याचा. पण डिचोलीत? तिथलं मातीकाम केवढं जुनं, नावाजलेलं! आणि आता चाकावरचं मडकं पुरतं उभं राहायच्या आधी समोर फोन उभा असतो.

खरी भानगड पुढेच आहे. जरा जवळ या.

आमच्याकडच्या एका मुलीचं नेवऱ्यांचं रील चवथीच्या आधी असं काही पळालं की विचारू नका. लुधियानापासून दुबईपर्यंत लोकांनी बदाम पाठवले. ऑर्डरी किती? नेवरी लुधियानाला पोचेपर्यंत तिचा चुरमा होतो, एवढंच सांगते. आणि तिचीच मावशी! इन्स्टाग्राम म्हणजे काय ते बाईला माहीत नाही. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर वाकडा फोटो, कोपऱ्यात स्वतःचा अंगठा, खाली दोन शब्द: ‘उद्या नेवऱ्या’. संध्याकाळपर्यंत नेवऱ्या संपल्या. अजून कणीकही भिजवली नव्हती हो!

केवढा हा निर्लज्जपणा, माल करण्याआधीच विकायचा! बाजारात कसं रीतसर होतं. पहाटे उठून तळायचं, बुधवारी डिचोली, गुरुवारी पेडणे करायचं, ऊन कलल्यावर उरलेलं मिळेल त्या भावाला द्यायचं आणि तरीही उरलंच तर टोपली पुन्हा बसमध्ये चढवायची. आता ही बाई मोजून साठ म्हणते, साठच करते. ना नासाडी, ना पडता भाव. स्टेटसही चोवीस तासांनी आपोआप पुसलं जातं, म्हणजे शिळी जाहिरातसुद्धा उरत नाही. दलालाने मग करायचं काय, ते तरी सांगा!

अर्थात आगाऊ सांगून ठेवायची खोड आपल्याला नवी नाही. चवथीच्या कितीतरी आधी आपण चित्रशाळेत पाट नेऊन ठेवतोच की. पाट ठेवला म्हणजे गणपती आपला. मावशीने तो पाट फोनमध्ये आणून ठेवला. आणि तिचं स्टेटस बघतं कोण? जिच्या फोनमध्ये हिचा नंबर आणि हिच्या फोनमध्ये जिचा, ती. माहेरची, सासरची, शाळेतली, देवळातली. हिची चूल कशी, तेल कुठलं, हात कसा, सगळं आधीच ठाऊक. रीलवाल्या पोरीला हजारो अनोळखी डोळे मिळाले. मावशीकडे ओळख होती. माझं मत विचाराल तर छोट्या धंद्याला डोळ्यांपेक्षा ओळख जास्त पोसते. पण मला विचारतं कोण?

हे खूळ घरोघरी शिरलं ते 2020 च्या टाळेबंदीत. बाजार बंद, पोट चालू. वाड्यावाड्याचे ग्रुप झाले, त्यावर भाजी आली, मासळी आली, मग लोणची. टाळेबंदी उठली, ग्रुप काही उठले नाहीत.

रीलचा काहीच उपयोग नाही असं मी म्हटलेलं नाही हं, उगाच माझ्या नावावर खपवू नका. जे वाळतं आणि टिकतं, त्याला लांबचं गिऱ्हाईक परवडतं. मिरची, सोलां, काजू, फणसाची साटं. मिरचीबरोबरच मानांकन मिळालेलं आपलं जत्रेतलं खाजंसुद्धा डब्यात बसून पुण्याला सुखरूप जातं. फक्त एक पंचाईत आहे. फोटोत कुठलीही लाल मिरची हरमलची होऊ शकते. कॅमेऱ्याला काही ठसका लागत नाही.

आणि पैशाचं तर बोलूच नये. तळणार मावशी, घाम मावशीचा, नाव मावशीचं, पण क्यूआर कोड कुणाचा? मुलाचा! पैसे पडल्याचा आवाज त्याच्या खिशात वाजतो. हा खरा लफडेबाज प्रकार, पण याचं रील कुणी काढत नाही. काही शहाण्या बायकांनी मात्र गुपचूप बँकेत जाऊन स्वतःच्या नंबरावर खातं जोडून घेतलंय. नावं सांगणार नाही, घरात अजून कळलेलं नाही.

अगो, मुख्य गोष्ट राहिलीच! आमच्या शेजारणीला गेल्या महिन्यापासून मावशीचं स्टेटस दिसतच नाही. हिने डझनामागे दहा रुपये कमी करा म्हणून तीन दिवस मेसेज केले होते, तर मावशीने यादीतून हिला तेवढी वगळली! फोनमध्ये तशी सोय असते म्हणे. अंगठा फोटोत येतो त्या बाईला ही सोय बरोब्बर सापडली. शेजारीण आता माझ्या फोनवर स्टेटस बघायला येते, आणि नेवऱ्या माझ्या नावावर मागवते. पूर्ण भावाने.