लेकराच्या फोटोला नावं ठेवताना

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की मांजरसुंब्याच्या अलीकडे पाली येतं. बिंदुसरा धरण भरून सांडव्यावरून पाणी पडायला लागलं, की निम्मं बीड तिथे फोटो काढायला लोटतं. या पाण्याचा फोटो बिघडला तर बिनधास्त सांगता येतं, ‘पाणी पांढरंफटक आलंय रे.’ पाणी रागवत नाही, आणि पाण्याला आई, आत्या, चुलत चुलते नसतात. पण त्याच पाण्यापुढे एखादं लेकरू उभं करून फोटो काढला, की परीक्षण संपतं आणि आहेर सुरू होतो.

कारण आपल्याकडे लेकराचा फोटो हा फोटो नसतोच, ते लेकरूच असतं. ‘जरा काळपट आलाय’ म्हणालात की पोरगं काळं ठरवलंत. ‘हललाय’ म्हणालात तर घराण्याच्या वळणावर बोट ठेवलंत. ‘डोळ्यांवर फोकस नाही’ एवढं एकदा म्हणून बघा. दुसऱ्या दिवशी ते लेकरू बीडला डोळ्यांच्या डॉक्टरपुढे बसलेलं असेल आणि पुढच्या बारशाच्या आमंत्रणात तुमचं नाव नसेल.

मध्यंतरी घरच्या ग्रुपवर एक फोटो आला. तीन वर्षांची पोर, मे महिन्याची दुपार, ऊन थेट टाळूवर. त्यामुळे डोळ्यांच्या जागी भुवयांच्या सावलीचे दोन खड्डे. डोक्यातून विजेचा खांब उगवलेला आणि तारा एका कानातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडलेल्या. पाय घोट्यात छाटलेले. उजव्या कडेने हिरव्या बांगड्यांचा एक हात तेवढा आत आलेला. त्याने पोरीच्या फ्रॉकची मागची नाडी घट्ट धरलेली, कारण ती पळायच्या बेतात होती आणि तिचंच बरोबर होतं. खाली अभिप्राय: ‘कडक’, ‘एकच नंबर’, ‘वाघीण’, ‘कुणाची दृष्ट न लागो’, आणि बदामांची रास. एका काकांनी संध्याकाळी सहा वाजता ‘शुभ सकाळ’ लिहिलं. सगळ्यांत तटस्थ मत तेच.

खरं तर सांगण्यासारखं फार नसतं. लेकराला उन्हातून उचलून उंबऱ्याच्या आत बसवावं, तोंड दाराकडे करावं. तिथे येणारा उजेड मऊ असतो आणि तो डोळ्यांत चमकतो. आपण गुडघे टेकून त्याच्या उंचीला यावं, नाहीतर फोटोत टाळू मोठी आणि पाय बाहुलीचे येतात. आणि त्याआधी मोबाइलची काच सदऱ्याच्या टोकाने पुसावी. आपल्याकडच्या निम्म्या बालचित्रांत जे स्वप्नाळू धुकं दिसतं, ते पॅराशूटचं खोबरेल असतं.

पण हे सांगायचं कसं? त्याची रीत ठरलेली आहे. दोष कधीही काढणाऱ्याला द्यायचा नाही, लेकराला तर नाहीच. तो उन्हाला द्यावा. ‘ऊनच असलं पडलं होतं, नाहीतर काय फोटो आला असता!’ ऊन पुरेनासं झालं तर मोबाइलच्या कंपनीवर घालावा. एवढ्या सूचक टीकेने फार फार तर काढणारा नवा मोबाइल हप्त्याने घेतो आणि त्याच उन्हात, त्याच खांबाखाली, जास्त मेगापिक्सेलमध्ये तोच फोटो काढतो. सोबत चेहरा उजळवणारं बटण येतं. त्याने पोर अशी गोरीपान होते की जन्मदाखला पुन्हा काढावा लागेल.

जावळाच्या फोटोंची मात्र कठोर समीक्षा होते. लेकरू मामाच्या मांडीवर टाहो फोडतंय, नाक गळतंय, न्हावी वैतागलाय, याबद्दल कुणाची तक्रार नसते. पण मामाचा फेटा चौकटीत कापला गेला असेल तर फोटोग्राफरचे उरलेले पैसे अडकतात. ‘सगळे आलेत ना?’ हा आपल्या सौंदर्यशास्त्राचा पहिला आणि बहुधा शेवटचा प्रश्न. लेकरू हे निमित्त; फोटो भावकीचा असतो.

साहेबाच्या देशात हा संकोच नव्हता. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन ही बाई 1815 साली कोलकात्यात जन्मलेली, म्हणजे तशी आपल्याकडचीच. वयाच्या 48 व्या वर्षी लेक-जावयाने तिला कॅमेरा भेट दिला. जानेवारी 1864 मध्ये तिने ॲनी नावाच्या पोरीचा फोटो काढला आणि हे माझं पहिलं यश, असं त्याच्याबद्दल लिहून ठेवलं. पुढे फोटोग्राफीतल्या जाणकारांनी तिला धुऊन काढलं: फोटो धूसर, काचेवर डाग, हात आळशी. बाई बधली नाही. आज तिचे फोटो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जपून ठेवलेत. हा किस्सा होतकरूंना सांगू नये. मी एका भाच्याला सांगितला, तेव्हापासून त्याच्या प्रत्येक हललेल्या फोटोला परंपरा आहे.

मुंबईत 1854 सालीच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. म्हणजे एकमेकांच्या फोटोंतले दोष काढायला शहरात जवळपास पावणेदोनशे वर्षांची तालीम आहे. तिथली मंडळी फोटोबद्दल मोकळेपणाने बोलतात, कारण फोटोतलं लेकरू त्यांचं नसतं. ते आपलं असतं. दिवाळीच्या आगेमागे आपल्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्यांच्या गठुड्यावर लेकरं बसतात, तेव्हा मोठाल्या लेन्सा घेऊन एखादी सहल येतेच. आई लगबगीने लेकराचं तोंड पुसायला पदर पुढे करते. ‘नको नको, ताई, आहे तसंच राहू द्या!’ तेल नको, पावडर नको, तीट नको. मग स्पर्धेत तो फोटो काळा-पांढरा होऊन लागतो, नाव ‘निरागस’. परीक्षक म्हणतात, गालावरच्या भेगांचा पोत उत्तम आलाय. पोर किंचित हसलीय तेवढं टाळता आलं असतं.

हा फोटो आईला कुणी दाखवत नाही. दाखवला, तर तिचा निकाल परीक्षकांपेक्षा आटोपशीर असेल. ‘तोंड तर पुसू द्यायचं होतं की ओ दादा.’

सरकारचीही या कलेत एक शैली आहे. पाच वर्षांखालच्या लेकराचं बाल आधार काढताना बोटांचे ठसे घेत नाहीत, बुबुळं घेत नाहीत; चेहऱ्याची सगळी भिस्त एका फोटोवर. आणि तो फोटो पाहून आजी विचारते, ‘हे कुणाचं?’

सुरुवातीच्या त्या धरणाच्या पालीतच ‘इन्फंट इंडिया’ आहे. दत्ता आणि संध्या बारगजे हे दांपत्य तिथे एचआयव्हीबाधित मुलांना सांभाळतं. अशा, देखभाल आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख पटेल असा फोटो छापणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम 74 खाली गुन्हा आहे. 2015 चा हा कायदा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड सांगतो, किंवा दोन्ही. एचआयव्हीची बाब गुप्त ठेवण्यासाठी 2017 चा कायदा आणखी वेगळा. हौशी बालचित्रांवर या देशात कुणी परखड अभिप्राय दिला असेल तर तो संसदेने: काढून लावू नका.

दात्यांची यामुळे पंचाईत होते. वाढदिवस बालगृहात साजरा करायचा, केक न्यायचा, आणि पुरावा कुठला? पण गरजूंना वाट सापडते. अशाच एका दात्याचा फोटो परवा फिरत फिरत आमच्याकडे आला, कुठल्याशा दुसऱ्याच जिल्ह्यातला. मधोमध भाऊ, कडक इस्त्री, हातात सुरी, दाढीचा केस न् केस मोजून घ्यावा इतका स्वच्छ. भोवतीने वीस-पंचवीस लेकरं आणि प्रत्येकाच्या मानेवर चेहऱ्याच्या जागी एक पुसट ढग. कायदा पाळलेला, केक दिसतोय, केकवरचं नावही दिसतंय. खाली नेहमीचे: ‘देवमाणूस’, ‘दादा, तुमच्या कार्याला सलाम’, ‘फोटो कुणी काढला? जबरदस्त.’

आमच्या शेजारच्या आज्जींनी मोबाइल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

‘लेकरांच्या तोंडाला काय झालं गं?’

सुनेने समजावलं, ‘काही नाही आत्या. तोंडं दाखवायची नसतात. कायदा हाय तसा.’

‘मग ह्याचं का दाखवलंय?’