घोडे सहा, डाव सत्तावन्न

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दोन कोडी शेजारीशेजारी मांडली आहेत. राजाच्या प्रशस्त वाड्याला आठ दारं आहेत. एकेक, दोन-दोन, तीन-तीन अशी ती किती प्रकारांनी उघडता येतील? आणि गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट या सहा रसांतला एकेक, दोन-दोन, तीन-तीन घेत गेलं तर किती चवी होतील? पहिल्याचं उत्तर 255, दुसऱ्याचं 63. ग्रंथ 1150 सालचा. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात आचार्यांच्या घराण्याची नोंद आहे, म्हणजे गणित तसं आपल्या खानदेशातलंच.

पुढे विलायतेतल्या बुकींनी हेच गणित घोड्यांना लावलं. सहा शर्यतींत सहा घोडे निवडा. सुटे सहा, जोड्या पंधरा, तिकड्या वीस, चौकड्या पंधरा, पंचकड्या सहा आणि सगळ्यांची मिळून एक मोळी. झाले 63 डाव. याला म्हणतात ‘लकी सिक्स्टीथ्री’. सुटे सहा वगळले की उरतात 57, आणि त्या डावाचं नाव हाइन्झ. होय, तोच बाटलीतला टोमॅटो सॉसवाला हाइन्झ, ‘57 प्रकार’ या जाहिरातीमुळे. गंमत म्हणजे जाहिरात निघाली तेव्हा त्या कंपनीचे प्रकार साठाच्या वर होते. मालकाला 57 हा आकडा आवडला म्हणून त्याने तो लावून दिला. तेव्हा सॉसचा हिशेब खोटा आणि सट्ट्याचा हिशेब बिनचूक, असा हा व्यवहार आहे. आठ घोड्यांच्या डावाला गोलायथ म्हणतात, त्यात 247 डाव. सुटे आठ मिळवले की आपले 255. वाड्याची आठ दारं उघडली की वारा आत येतो. इथे पैसा बाहेर जातो, एवढाच काय तो फरक.

हे सगळं मला आमच्या सोसायटीच्या खजिनदारांकडून कळलं. ते बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबतपासणी खात्यातले. त्यांचा भाचा लेस्टरला असतो आणि तिथल्या पेढीवरच्या चिठ्ठ्यांचे फोटो मामाला पाठवतो. मामांनी त्यावरून वहीच केली आहे: ट्रिक्सी म्हणजे तीन घोडे चार डाव, पेटंट म्हणजे तेच तीन घोडे पण सुटे धरून सात, यांकी म्हणजे चार घोडे अकरा डाव, कॅनेडियन म्हणजे पाच घोडे सव्वीस डाव. वहीवर ‘श्री’ आहे. समास आखलेला आहे. स्वतः मामा मात्र नोव्हेंबर ते एप्रिल महालक्ष्मीला आणि पावसाळ्यात पुण्याला जातात, आणि तिथे यांकीही नाही नि हाइन्झही नाही. तिथे टोटच्या खिडकीवर ट्रेबल, टनाला आणि जॅकपॉट. पण ज्याला कॉम्बिनेशनची गोडी लागली त्याला खिडकी कुठलीही चालते.

जॅकपॉट म्हणजे लागोपाठच्या पाच शर्यतींचे पाच विजेते ओळखायचे. पाचही बरोबर आलेल्यांना घबाड, चार बरोबर आलेल्यांना सांत्वन. शनिवारी रात्री खजिनदारांच्या जेवणाच्या टेबलावर ताटं उचलली जातात आणि रेसचं पुस्तक उघडतं. लाल पेन, निळं पेन, चष्मा कपाळावर. पहिल्या शर्यतीत एकच घोडा, तो ‘बँकर’. म्हणजे हा हरूच शकत नाही. दुसरीत दोन. तिसरीत तीन, कारण जॉकी बदललाय. चौथीत चार, कारण ‘रेस ओपन आहे, काहीही होऊ शकतं’. (काहीही होऊ शकतं, हे ज्याला एका शर्यतीत कळतं त्याला उरलेल्या चारांत का कळत नाही, हे मी विचारत नाही. शेजारधर्म असतो.) पाचवीत दोन. एक गुणिले दोन गुणिले तीन गुणिले चार गुणिले दोन: 48 तिकिटं. तिकिटाला दहा रुपये धरले तर 480.

एवढ्यात रात्री साडेदहाला कुणाचा तरी फोन येतो. बँकरला शुक्रवारी सकाळी जरा खोकला होता म्हणे. खजिनदारांचा चेहरा पडतो. पहिल्या शर्यतीत आणखी एक घोडा घालावा लागतो. एकचे दोन झाले, तसे 48 चे 96 झाले आणि 480 चे 960. घोड्याच्या एका खोकल्याला 480 रुपये! सोसायटीच्या पंपाची दुरुस्ती साडेचारशेत होत असताना तीन कोटेशनं मागवणारा हा माणूस, इथे घोड्याला दवाखान्यात न नेता औषधाचे पैसे भरतो.

यातली खरी मौज मला फार उशिरा उमगली. पाच शर्यतींना विजेते पाचच. तेव्हा त्या 96 तिकिटांपैकी घबाडाचं तिकीट निघालंच तर एक निघणार. उरलेली 95 खिडकीवर पैसे मोजताक्षणीच त्या घबाडाला मुकलेली असतात, आणि हे खजिनदारांना लेखी माहीत असतं. आयुष्यभर ज्यांनी कारकुनांच्या वहीत एका रुपयाची चूक धरली, ते दर रविवारी 95 चुका रोख देऊन विकत घेतात आणि त्याला ‘कव्हर करणं’ म्हणतात.

टनालाचंही तसंच. पहिले तीन घोडे अचूक क्रमाने सांगायचे. क्रम सांगायचा धीर नसला की ‘बॉक्स’ करायचा, म्हणजे चार घोडे घेऊन त्यांचे सगळे क्रम लावायचे: 24 तिकिटं. पाच घेतले तर 60. सहा घेतले तर 120. ज्या शर्यतीत आठच घोडे धावताहेत तिथे सहांचा बॉक्स करून ‘माझा अंदाज बरोबर आला’ म्हणणारा पंटर मी पाहिला आहे. दहापैकी नऊ उमेदवारांना मत देऊन आपलाच निवडून आला म्हणावं, तसं ते.

विलायती डावांची करामत आणखी बारीक. समजा भाव असा की दहा लावले तर तीस परत. सहा घोड्यांचा हाइन्झ, दर डावाला दहा रुपये, एकूण 570. सहापैकी दोन घोडे जिंकले. एक जोडी लागली, 90 परत. बरं, तीन जिंकले असं धरू. पन्नास टक्के! आमच्या वेळी मॅट्रिकला पन्नास टक्के म्हणजे घरी पेढे. इथे तीन जोड्यांचे 270 आणि एका तिकडीचे 270, मिळून 540. खिशातून गेले 570. निम्मे घोडे बरोबर ओळखून तीस रुपयांचा तोटा. आणि जो भाव तिप्पट परतावा देतो तो मुळातच सांगत असतो की असा घोडा तिनात एकदा जिंकेल, तोही भाव अगदी सचोटीचा असला तर. म्हणजे सहांत दोन, म्हणजे 90 रुपये. चौथा घोडा आला की मात्र परतावा एकदम 2430 वर उडी मारतो. त्या उडीचं चित्र वहीच्या पहिल्या पानावर आहे. 90 रुपयांचं पान वहीत नाही.

बुकी भावात आपली काटछाट ठेवतो, हे तर शाळकरी पोरालाही माहीत. एका शर्यतीत शंभराला दहा रुपये त्याचे धरा. पण चौकडीत ते दहा चारदा कापले जातात: शंभराचे नव्वद, नव्वदाचे एक्याऐंशी, असं करत पासष्ट-सहासष्ट उरतात. सहांची मोळी असेल तर त्रेपन्न. तेव्हा चार घोडे एकत्र बांधलेले पाहून बुकीच्या चेहऱ्यावर जो आदर दिसतो तो खोटा नसतो. म्हणूनच लकी फिफ्टीनमध्ये, म्हणजे यांकीत सुटे चार मिळवून होणाऱ्या डावात, चारांतला एकच घोडा आला तर कित्येक पेढ्या त्या सुट्या डावाला दुप्पट भाव देतात. उत्तेजनार्थ बक्षीस. पुढच्या वर्षी पुन्हा भाग घ्या. आपल्या टोटचं एक बरं आहे, तिथे सगळ्यांचा पैसा एका हंड्यात पडतो आणि जॅकपॉटच्या हंड्याला कात्री एकदाच लागते, शर्यतीगणिक नाही.

खजिनदारांना 1996 हे साल दोन कारणांनी तोंडपाठ आहे. त्या सप्टेंबरच्या 28 तारखेला इंग्लंडात ॲस्कॉटला फ्रँकी डेटोरी या जॉकीने दिवसाच्या सातही शर्यती जिंकल्या. सातांचा एकत्रित भाव एकाला पंचवीस हजारांच्या वर. एका सुताराने 67.58 पौंडांत सात घोड्यांचा सुपर हाइन्झ, 120 डावांचा, आणि सोबत एक मोळी लावली होती. त्याला साडेपाच लाख पौंडांहून जास्त मिळाले. या गोष्टीचं कात्रण वहीत डकवलेलं आहे. त्यातला मला भावणारा भाग निराळा. सातव्या शर्यतीतल्या फुजियामा क्रेस्टचा भाव सकाळी 12 ला 1 होता, तो शर्यत सुटताना 2 ला 1 वर आला. घोडा सकाळपासून तसूभरही सुधारला नव्हता. वजनही तेच, पायही तेच चार. सुधारली होती ती फक्त बुकींची भीती. खजिनदार म्हणतात, हाच अभ्यास. मी म्हणतो, त्या दिवशी अभ्यास करणाऱ्याने फॉर्म काढून फुजियामाला बाद केलं असतं आणि डेटोरीवरच्या भाबड्या प्रेमापोटी लावणारा नशीबवान ठरला असता. यावर ते चहा मागवतात.

दुसरं कारण सर्वोच्च न्यायालय. त्याच 1996 च्या जानेवारीत, तामिळनाडूच्या खटल्यात, न्यायालयाने सांगितलं की घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, नुसत्या नशिबाचा नाही. घोड्याचं कूळ, त्याची तयारी, जॉकी, ट्रेनर, वजन, या सगळ्याचा विचार करून डाव लावला जातो, म्हणून तो जुगार नव्हे. निकालाची झेरॉक्स खजिनदारांच्या पाकिटात, आधार कार्डाच्या मागे असते. घरातून विषय निघाला की ते पाकीट काढतात. ‘सुप्रीम कोर्टाने सांगितलंय मी कुशल आहे’, असं ते काकूंना सांगतात. कोर्टाने शर्यतीबद्दल सांगितलं, तुमच्याबद्दल नाही, असं काकू म्हणतात. काकूंनी वकिली केली नाही हे या राज्याचं नुकसान.

कौशल्याला मान्यता देण्याची प्रत्येक खात्याची रीत मात्र वेगळी. जीएसटी परिषदेने या कौशल्याला कॅसिनो आणि लॉटरीच्या पंगतीला बसवलं. ऑक्टोबर 2023 पासून डावाच्या संपूर्ण रकमेवर 28 टक्के, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून 40. म्हणजे 480 रुपयांच्या जॅकपॉटवर 192 रुपये, घोडा गेटमध्ये शिरायच्या आत. चुकून लागलाच आणि रक्कम दहा हजारांच्या वर गेली तर आयकराचे 30 टक्के खिडकीवरच कापून हातात देतात. आणि हरलेली 95 तिकिटं? त्यांची वजावट नाही. आमच्या मजल्यावर एक सीए राहतात, त्यांना खजिनदारांनी लिफ्टमध्ये गाठून विचारलं होतं: अहो, एक तिकीट लागावं म्हणून 95 घ्यावीच लागतात, मग तो धंद्याचा खर्च नाही का? सीए तिसऱ्या मजल्यावरच उतरले. ते पाचव्यावर राहतात.

या सगळ्या व्यवहारात खराखुरा ‘बँकर’ कोण, हे आता सांगायला नकोच. जॉकी बदलो, पाऊस पडो, घोड्याला खोकला येवो, तो प्रत्येक शर्यतीत पहिला येतो आणि त्याला कॉम्बिनेशन लावावं लागत नाही. क्रिकेटच्या पैसेवाल्या ॲपांना 2025 च्या कायद्याने टाळं लागलं, तेव्हा आमच्या इमारतीतली तरुण पोरं हवालदिल झाली. त्यांना खजिनदारांनी गच्चीवर बोलावून यांकी समजावून सांगितलं. खडूने, पाण्याच्या टाकीवर. सहा जोड्या, चार तिकड्या, एक चौकडी. पोरांनी मोबाइलवर फोटो काढले. दोघांनी इंजिनीअरिंगच्या परीक्षेत कॉम्बिनेशनचा प्रश्न सोडवला म्हणे, तेव्हा शिक्षण अगदीच वाया गेलं असं म्हणता येणार नाही.

मागच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर महालक्ष्मीला गेलो. स्टँडवर दुर्बिणी, भेळ, आणि जिकडेतिकडे पायाखाली फाटकी तिकिटं. त्यांच्या हातात 96 तिकिटांचा जॅकपॉट, शिवाय दोन बॉक्स. पहिल्या शर्यतीत तो खोकणारा बँकर चार लांबीने जिंकला. खजिनदारांनी कपाळावर हात मारून घेतला, कारण दुसऱ्या घोड्याचे 480 फुकट गेले. आपला घोडा जिंकल्याचं इतकं दुःख मी कुठे पाहिलेलं नाही. तिसऱ्या शर्यतीत तीनही घोडे मागे राहिले आणि त्यांना जरा बरं वाटलं; आता निदान नवीन फॉर्म भरता येणार होता.

चौथ्या शर्यतीआधी मी भीतभीत सुचवलं, ‘काका, तुम्हाला तो सहा नंबर एवढा पक्का वाटतोय, तर त्या एकावरच विनचं एक तिकीट घ्या ना. बाकी काही नको.’

खजिनदारांनी चष्मा खाली घेतला. आजूबाजूला कुणी ऐकलं तर नाही ना, ते पाहिलं.

‘एकाच घोड्यावर?’ ते म्हणाले. ‘अहो, तो जुगार झाला.’